डॉग्मा कुणाचा आणि अधिकार कशाचा: रविवारच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला मिस्सा, म्हणजे आम्हा कॅथलिकांची चर्चमधली उपासना, हिंदीत होते, वादावादी मात्र मराठीत. निदान आमच्या घरी तरी. दर रविवारी मिस्सा आटोपली की वसई, नगर, जालन्याकडून नोकरीधंद्यापायी इथं आलेली पाच-सहा कुटुंबं आमच्या हॉलमध्ये जमतात. पोहे मी करते, जलेबी कोपऱ्यावरून येते, आणि मुलांचं धर्मशिक्षण म्हणून सुरू झालेला वर्ग अर्ध्या तासात मोठ्यांच्या ताब्यात जातो. कॉलनीतले मराठी शेजारीही येऊन बसतात, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत अवघड प्रश्न त्यांचेच असतात. तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी धर्मपंडित नाही. पंचवीस वर्षं मुलांना शिकवतेय, पात्रता तेवढीच.

डॉग्मा म्हणजे हटवादच ना?

इंग्रजी पेपर वाचून तसंच वाटणार. 'डॉग्मॅटिक' माणूस म्हणजे आपल्याकडचा हेकट माणूस. मूळ ग्रीक शब्द मात्र बराच सौम्य आहे. 'वाटणे, योग्य दिसणे' या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला, आणि जे योग्य वाटलं म्हणून ठरवलं ते डॉग्मा. लूकच्या शुभवर्तमानात कैसर ऑगस्टने नावनिशीची आज्ञा काढली, जी आपण दर नाताळला ऐकतो, तिला मुळात डॉग्मा म्हटलंय. त्याच लूकने प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात यरुशलेमच्या सभेतल्या निर्णयांना हाच शब्द वापरलाय. परराष्ट्रीयांनी ख्रिस्ती होताना सुंता करायची का, हा त्या सभेपुढचा वाद होता. 'पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले' अशा शब्दांत तिथला निकाल कळवला गेला. ते 'वाटले' म्हणजे वरचंच क्रियापद.

आज कॅथलिक बोलण्यात शब्दाचा अर्थ आवळून आला आहे. डॉग्माला दोन पाय लागतात: ती गोष्ट देवाने प्रकट केलेली असली पाहिजे, आणि ख्रिस्तसभेने, म्हणजे समस्त चर्चने, ती तशी आहे असं कायमचं जाहीर केलेलं असलं पाहिजे. एक पाय नसेल तर ती शिकवण असेल, परंपरा असेल, सुंदर कल्पनाही असेल, पण डॉग्मा नाही. मराठीत 'धर्मसिद्धांत' म्हणतात. मला त्यात भूमितीचा वास येतो, म्हणून मी डॉग्माच म्हणते.

आणि 'शिकवण्याचा अधिकार' म्हणजे कोण? व्हॅटिकनचं ऑफिस?

ऑफिस नाही. लॅटिनमध्ये 'माजिस्तेर' म्हणजे शिक्षक, त्यावरून मॅजिस्टेरियम. पोप आणि त्यांच्याशी एकोप्यात असलेले जगभरचे बिशप, यांच्याकडे असलेलं शिकवण्याचं काम. ईशज्ञानाचे (थिऑलॉजीचे) प्राध्यापक त्यात येत नाहीत. मी तर नाहीच नाही.

मग मोठं कोण? डॉग्मा की अधिकार? अधिकारच डॉग्मा ठरवत असेल तर तो मोठा झाला की.

हा प्रश्न शेजारच्या काकूंचा. त्यांच्याकडे चातुर्मासात ज्ञानेश्वरीचं पारायण असतं. मी त्यांनाच उलट विचारलं, नाथ मोठे की ज्ञानेश्वरी? म्हणाल्या, "काहीतरीच काय विचारता!"

पण मला हवं ते उत्तर त्या 'काहीतरीच' मध्येच होतं. ज्ञानेश्वरीच्या प्रतींवरून प्रती उतरवल्या गेल्या, त्यात पाठभेद शिरले. एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये प्रत शुद्ध केली आणि पुढे कुणी आपली ओवी त्यात घुसडू नये असं बजावलं. त्यांनी 'हा पाठ खरा' म्हटलं म्हणून तो खरा झाला का? नाही. तो खराच होता, नाथांनी ओळखून सांगितला. तरी नाथांनी ते काम केलं नसतं तर आज काकूंच्या हातात कुठली पोथी असती, कोण जाणे.

शिकवण्याच्या अधिकाराचं तसंच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या महासभेने, नोव्हेंबर 1965 मध्ये देवाच्या प्रकटीकरणाविषयी जो दस्तऐवज मंजूर केला, त्यात हे साफ लिहिलंय: हा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, तो त्या वचनाचा सेवक आहे, आणि जे सोपवलं गेलं तेवढंच तो शिकवतो. ख्रिस्तसभा डॉग्मा जाहीर करते, घडवत नाही. मरिया देवमाता आहे हे इफेससच्या परिषदेने 431 मध्ये जाहीर केलं म्हणून ती त्या वर्षी देवमाता झाली, असं कुणी म्हणत नाही.

नाथांचा दाखला एका जागी मात्र तुटतो. नाथांचा अधिकार त्यांच्या संतपणातून आणि विद्वत्तेतून आला, बिशपचा पदातून येतो. प्रेषितांपासून, म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या शिष्यांपासून, हात डोक्यावर ठेवत आलेली जी परंपरा आहे, तिच्यातून. बिशप स्वभावाने कसाही असो, ते ओझं त्याच्या खांद्यावर आहेच. आणि एखादी साध्वी कितीही थोर असली तरी तिला डॉग्मा जाहीर करता येत नाही. हे पुष्कळांना खटकतं. मलाही अधूनमधून खटकतं.

"काय हो, तुमच्या पोपनं आता नवीन डॉग्मा काढून राहिला म्हणे?"

आमच्या इंदुरी मराठीतला हा प्रश्न, जसाच्या तसा. नोव्हेंबर 2025 मध्ये तो सगळ्यांत जास्त आला. व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरत होता: 'मरियेचा मान काढून घेतला, नवा डॉग्मा जाहीर!' दुसऱ्या ग्रुपवर त्याच्या बरोब्बर उलटं.

झालं होतं ते एवढंच. काही लोकांची अनेक वर्षांची मागणी होती की मरियेला 'सहउद्धारकर्ती' म्हणण्याचा डॉग्मा जाहीर करावा. मरियेविषयी आजवर चार डॉग्मा आहेत: ती देवमाता आहे, ती सदैव कुमारी आहे, तिचा गर्भसंभव निष्कलंक आहे (आईच्या पोटात आल्या क्षणापासून ती आदिपापापासून मुक्त), आणि तिचं देहासकट स्वर्गोन्नयन झालं. यांना हवा होता पाचवा. 4 नोव्हेंबर 2025 रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने पोप लिओ चौदावे यांच्या मान्यतेने एक टिपण प्रसिद्ध केलं, की ही पदवी वापरणं योग्य नाही, कारण तिच्यामुळे उद्धारकर्ता एकटा ख्रिस्त, हे झाकोळतं. म्हणजे डॉग्मा निघाला नाही, आणि मान काढून घेतला असंही नाही. शिकवण्याच्या अधिकाराने एक गोष्ट स्पष्ट केली, आणि तीही सर्वोच्च पायरीवरून नव्हे.

'पायरी' म्हणजे? सगळी शिकवण सारखी नसते का?

नसते. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथंच आहे, आणि नेमकी तीच कुणी शिकवत नाही.

वरच्या पायरीवर डॉग्मा. देवाने प्रकट केलेलं, म्हणून श्रद्धेनेच स्वीकारायचं. त्याखाली अशा गोष्टी, ज्या स्वतः प्रकट झालेल्या नसतील, पण प्रकट सत्याला इतक्या चिकटून आहेत की त्या निर्णायक म्हणून शिकवल्या जातात. पुरोहितदीक्षा फक्त पुरुषांना, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1994 मध्ये सांगितलं, ते सहसा या पायरीवर धरतात. तिच्याखाली पोप-बिशपांची रोजची शिकवण, जी निर्णायक म्हणून मांडलेली नसते. तिला मन आणि बुद्धी यांचा आदरपूर्वक होकार द्यावा अशी अपेक्षा आहे, पण तिच्यात पुढे सुधारणा होऊ शकते. त्याखाली शिस्तीचे नियम. आणि यांपैकी कुठेच न बसणारी, पंडितांची मतं.

पायऱ्यांची गल्लत झाली की काय होतं ते सांगते. वसईच्या माझ्या मावशीचं पहिलं बाळ जन्मल्यावर तासाभरात गेलं. बाप्तिस्मा राहून गेला. कुणा वडीलधाऱ्यानं तिला सांगितलं, ते बाळ 'लिंबो'त, दुःख नाही पण देवदर्शनही नाही. दर 2 नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, मावशी कबरस्तानात सासू-सासऱ्यांसाठी, दिरासाठी, शेजारणीसाठीसुद्धा मेणबत्ती लावायची. बाळासाठी नाही. लावून उपयोग नाही, अशी तिची समजूत. चाळीस वर्षं.

लिंबो हा डॉग्मा कधीच नव्हता. शेकडो वर्षं चालत आलेलं पंडितांचं मत होतं ते. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेच्या हवाली करते, एवढंच 1992 च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे ख्रिस्तसभेच्या अधिकृत शिकवणीच्या पुस्तकात, आहे, लिंबोचं नावसुद्धा नाही. 2007 मध्ये आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने सविस्तर लिहिलं की या बाळांच्या तारणाची आशा धरायला गंभीर कारणं आहेत. ते मी मावशीला फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "पंधरा वर्षं छापून पडलंय, तर मला कुणी सांगितलं कसं नाही?"

त्या पंधरातली काही वर्षं मी स्वतः वर्गात फळ्यावर 'लिंबो' लिहून शिकवत होते.

पोप चुकूच शकत नाहीत, असं तुम्ही मानता ना?

हवामानाबद्दल, क्रिकेटबद्दल, माणसं निवडण्यात, राजकारणात, सगळीकडे चुकू शकतात. पाप करू शकतात, कबुलीला जातात. पहिल्या व्हॅटिकन परिषदेने 18 जुलै 1870 रोजी जे ठरवलं ते फार अरुंद आहे: पोप जेव्हा सर्व ख्रिस्ती जनांचा मेंढपाळ आणि शिक्षक या नात्याने, आपला सर्वोच्च अधिकार वापरून, श्रद्धा किंवा नीती याविषयी संपूर्ण ख्रिस्तसभेला बंधनकारक असा निर्णय देतात, तेव्हा त्यांना चुकीपासून राखलं जातं. चारही अटी एकदम लागतात. विमानात पत्रकारांना दिलेलं उत्तर त्यात बसत नाही.

त्या दिवशी रोममध्ये विजा कडाडत होत्या. बाजूने 533 मतं पडली, विरोधात 2. साठेक बिशप मतदान टाळून आधीच गावी निघून गेले होते, कारण पोपला जाहीर 'नाही' म्हणणं त्यांना नको होतं. दुसऱ्या दिवशी फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं, सप्टेंबरात इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या, आणि परिषद अर्धवटच राहिली. बिशपांच्या अधिकारावर नीट बोलायचं राहून गेलं, ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत 1964 मध्ये पुरं झालं. मधली चौऱ्याण्णव वर्षं लोकांना 'पोप म्हणजेच सगळं' असं वाटत राहिलं, त्याचं एक कारण हे अर्धवट सुटलेलं सत्र, असं माझं मत.

आणि 1870 नंतर हा अधिकार उघडपणे वापरला गेला एकदाच, 1 नोव्हेंबर 1950 रोजी, मरियेच्या स्वर्गोन्नयनासाठी.

मग त्याआधीचे डॉग्मा कुणी केले? आणि मुळात गरज काय होती?

भांडणं झाली म्हणून. डॉग्मा बहुतेकदा शांत खोलीत जन्मत नाही.

इ.स. 325, निकेया, आजचं तुर्कस्तानातलं इझनिक. आरियस नावाच्या पुरोहिताचं म्हणणं, पुत्र, म्हणजे ख्रिस्त, थोर खरा, पण निर्माण केलेला. एके काळी तो नव्हता. आरियस बायबल सोडून बोलत नव्हता, हे लक्षात घ्या. 'पिता माझ्यापेक्षा थोर आहे' हे योहानाच्या शुभवर्तमानातलंच वाक्य तो पुढे करायचा. वचन दाखवलं की तो त्याचा आपल्याला हवा तसा अर्थ लावी. शेवटी बिशपांनी बायबलमध्ये कुठेच नसलेला शब्द उचलला: होमोऊसिओस, पित्याशी एकतत्त्व. बायबलचा अर्थ राखायला बायबलबाहेरचा शब्द! तडजोड म्हणून पुढे दुसरा शब्द पुढे आला, होमोइऊसिओस, म्हणजे सारख्या तत्त्वाचा.

मी हे दोन्ही शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहिते. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "टीचर, एका 'इ'साठी एवढं?" मग मी खाली 'दिन' आणि 'दीन' लिहिते. पोरं हसतात, पण मुद्दा पोचतो.

निकेयाने निकाल दिला आणि सगळे गप्प बसले, असंही झालं नाही. पन्नासेक वर्षं गोंधळ चालला. निकालाच्या बाजूने उभे राहिलेले अथनासियस पाच वेळा हद्दपार झाले. 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला गाडी रुळावर आली. रविवारी आपण जो विश्वासांगीकार म्हणतो, इथल्या हिंदीत 'धर्मसार', तो या दोन परिषदांचा.

बायबल पुरेसं नाही का? आमच्या चर्चमध्ये तर तसंच सांगतात.

हे विचारणारी माझी मैत्रीण व्हाईट चर्चची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. आम्ही लाल चर्चवाले. बाहेरच्या लोकांना फरक फक्त रंगाचा वाटतो.

माझं उत्तर: बायबलमध्ये कुठली पुस्तकं, याची यादी बायबलमध्ये नाही. ती कुणीतरी ठरवली. चौथ्या शतकाच्या शेवटी हिप्पो आणि कार्थेजच्या सभांनी याद्या दिल्या, आणि ट्रेंटच्या परिषदेने 1546 मध्ये 73 पुस्तकांवर डॉग्माचा शिक्का मारला. तिच्या बायबलात 66 आहेत. आकडा ठरवायलाही अधिकार लागलाच.

तिचं प्रत्युत्तर: 'म्हणजे तुमचा अधिकारच सांगतो की मला अधिकार आहे. हे आपणच आपल्याला प्रशस्तिपत्र देण्यासारखं नाही का?' यात दम आहे. मी म्हणते, ख्रिस्ताने प्रेषितांना पाठवलं ही ऐतिहासिक गोष्ट आधी, अधिकाराचा दावा नंतर. ती म्हणते, पाठवलं, पण असं नव्हे. बारा वर्षं आम्ही इथंच अडलोय आणि चहा घेतोय.

डॉग्मा बदलतो का?

अर्थ बदलत नाही, शब्द बदलू शकतात, समज वाढते. फाशीच्या शिक्षेबद्दल ऑगस्ट 2018 मध्ये कॅटेकिझमचा परिच्छेद बदलला, तो डॉग्मा नव्हता. गॅलिलिओला 1633 मध्ये दोषी ठरवलं, तोही डॉग्मा नव्हता. अधिकाराची चूक होती, आणि मोठी होती.

सामान्य माणसाला यात कुणी विचारतं का?

तुम्हाला वाटतं त्याहून जास्त. 1854 मध्ये निष्कलंक गर्भसंभवाचा डॉग्मा जाहीर करण्याआधी पोप पायस नववे यांनी 1849 मध्ये जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून विचारलं, तुमच्याकडचे पुरोहित आणि लोक याबद्दल काय मानतात? पायस बारावे यांनीही 1946 मध्ये तसंच विचारलं. गंमत म्हणजे निष्कलंक गर्भसंभव खुद्द संत थॉमस अक्वायनस या मध्ययुगातल्या थोर पंडितांना पटलेला नव्हता. लोक सण साजरा करत राहिले, पंडित भांडत राहिले, आणि टिकलं ते लोकांचं.

इफेससला निकाल लागला त्या रात्री लोक मशाली घेऊन बिशपांना मुक्कामापर्यंत पोचवायला गेले होते. आणि आरियसच्या वादात बरेच बिशप डगमगले तेव्हा श्रद्धा सामान्य बाप्तिस्माधारकांनी सांभाळली, असं इंग्लंडचे ईशज्ञानी कार्डिनल न्यूमन यांनी 1859 मध्ये लिहिलं. तेव्हा ते कार्डिनल नव्हते, आणि या लेखामुळे रोममध्ये बरीच वर्षं त्यांच्याकडे संशयाने पाहिलं गेलं. 2019 मध्ये ते संत झाले.

आपल्या राणी मारिया संत जाहीर झाल्या तर तो डॉग्मा होईल?

नाही. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या, काम उदयनगरच्या भूमिहीन आदिवासींमध्ये. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला येताना बसमध्ये त्यांचा खून झाला. त्यांच्या सख्ख्या बहिणीने पुढे मारेकऱ्याला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्येच त्यांना 'धन्य' जाहीर केलं. मांडवात मीही होते. गर्दीमुळे दिसलं कमी, ऐकू आलं जास्त.

'धन्य' म्हणजे स्थानिक भक्तीला परवानगी. 'संत' जाहीर होणं याहून वरचं, ते निर्णायक मानतात. पण प्रेषितांच्या काळाबरोबर सार्वजनिक प्रकटीकरण संपलं, त्यामुळे 1995 साली मरण पावलेल्या कुणाबद्दलही डॉग्मा होऊ शकत नाही. लूर्द, फातिमा, वेलांकनी या मरियेच्या दर्शनांच्या ठिकाणांचंही तेच: ख्रिस्तसभेने तिथली भक्ती मान्य केली आहे, पण त्यांवर विश्वास ठेवलाच पाहिजे असं नाही.

फादर डिमेलोंची पुस्तकं वाचू का नको?

लोणावळ्याच्या साधना संस्थेचे अँथनी डिमेलो 1987 मध्ये वारले. अकरा वर्षांनी, जून 1998 मध्ये, रोमने सूचनापत्र काढलं की त्यांची काही मतं कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत. मला तेव्हा संताप आला होता. मेलेला माणूस उत्तर देणार कसा? आता पुन्हा वाचताना दिसतं की सुरुवातीच्या लिखाणाचं त्यात कौतुकही आहे, आणि आक्षेप नेमके आहेत. वेळ मात्र अजूनही पटत नाही. नंतरच्या प्रतींत प्रकाशकांनी सूचना घातली की ही पुस्तकं बहुधर्मीय वाचकांसाठी लिहिलेली आहेत, डॉग्मा शिकवण्यासाठी नव्हेत. त्या चष्म्यातून खुशाल वाचा. मी वाचते.

पुरोहितांनी लग्न न करणं, शुक्रवारी मटण न खाणं?

शिस्त. डॉग्मा नाही. पूर्वेकडच्या काही कॅथलिक परंपरांत लग्न झालेले पुरोहित आजही आहेत.

एखादा डॉग्मा मला पटतच नसेल तर मिस्साला येऊ की नको?

या. न्यूमनच म्हणतात की हजारो अडचणी मिळूनही एक संशय होत नाही. 'मला अजून उमगत नाही' आणि 'हे खोटं आहे' यांत फरक आहे. पहिलं असेल तर धर्मसार म्हणताना त्या ओळीला आवाज हळू झाला तरी चालेल. माझा 'मृतांचे पुनरुत्थान' म्हणताना कित्येक वर्षं व्हायचा. मिस्सा संपली की आमच्याकडे या, पोहे साडेदहापर्यंत गरम असतात.